पहिल्या बाकावर आबा

साठीला आल्यावर मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला नाव घातलं, आणि पहिल्याच रविवारी वर्गाच्या दारात पाय अडला. पहिल्या बाकावर आबा बसले होते.

आबा म्हणजे आमच्या मालकांचे थोरले चुलत भाऊ, माझे दीर. कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्या तोलण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, रिटायर झाले, आणि आता हे. आमचं गाव इंदापूर तालुक्यात, कालव्याच्या पार शेवटाकडं. त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये एक बांध. तरी त्यांनी मला सांगितलं नव्हतं आणि मी त्यांना. सांगणार कसं? आमच्यात थोरल्या दिरापुढं बाई डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, खुर्चीवर बसत नाही, तोंडावर बोलत तर नाहीच. चहा हवा का विचारायचं झालं तरी मी लेकराला म्हणायची, "आबांना विचार." लेकरू जवळ नसलं तर भिंतीला विचारायची. याला कुणी जाच म्हणेल. मला तसं कधी वाटलं नाही. उंबरा असतो, आपण पाय उचलून टाकतो, तसंच ते.

पण वर्गात भिंतीला विचारून चालत नाही.

मुक्त विद्यापीठाचा वर्ग दर रविवारी बारामतीच्या एका कॉलेजात भरायचा. मी गेले ती थेट शेवटच्या बाकावर. शेजारी माळेगावची एक पोरगी बसायची, मोबाईलच्या दुकानात कामाला होती. बडबडी, पण गुणाची. पहिल्याच दिवशी चहाच्या सुट्टीनंतर आबा आत आले, तशी मी सवयीनं उठून उभी राहिले. पोरीला वाटलं, मॅडम आल्या. ती उठली. ती उठली म्हणून पुढचा बाक उठला. बघता बघता सगळा वर्ग उभा, आणि दारात आबा, हातात कागदी कप.

"बसा बसा," आबा म्हणाले, "काय झेंडावंदन हाय का?"

वर्ग खोखो हसला. पोरीनं मला विचारलं, "आजी, तुम्ही कशाला उठलात हो?"

"पाय आखडला होता," मी म्हटलं.

पुढं असंच चाललं. मॅडम प्रश्न विचारायच्या, मला उत्तर यायचं, पण पुढं आबा बसलेले, तोंड कसं उघडणार? शाळा माझी सातवीतच सुटली, मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारीची परीक्षा देऊन मी इथवर आले होते, पण पोरांची पुस्तकं मी त्यांच्या आधी वाचून काढायची. त्यामुळं येत होतं, खोटं कशाला बोलू. मॅडमना वाटलं, म्हातारीला काही कळत नाही. एकदा त्या पोरीला म्हणाल्या, "आजींना जरा समजावून सांगत जा गं." पोरगी मला मन लावून समजावायला लागली, आणि तेही चुकीचं. मी मान हलवत बसले.

दिवाळीनंतर मॅडमनी सांगितलं, प्रत्येकानं आपल्या गावावर दोन पानं लिहायची आणि वर्गापुढं उभं राहून वाचायची. नुसतं लिहून मार्क मिळणार नाहीत. पानं मी त्याच आठवड्यात लिहिली. वाचायचं कसं, तेवढं उरलं.

घरी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "मग आबांना सांगू का, त्या दिवशी येऊ नका म्हनून?"

"नगं. त्यांनीबी हौसेनं नाव घातलंय. मीच सोडते."

"सोड की. पर म्हशीला कळू देऊ नगंस. तिला वाटंल, आता रविवारीबी हीच मानगुटीवर."

मला हसू आलं. पण सोडायचं मी खरंच धरलं होतं. वाचायच्या रविवारी गेले ते मॅडमना तसं सांगायलाच. सांगायच्या आत वाचन सुरू झालं, आणि कुणी पुढचा, कुणी मागचा करत माझ्यावर आलं.

तेवढ्यात आबा उठले, पिशवी उचलली, दाराकडं निघाले.

"आजोबा, कुठं निघालात? ऐकणाऱ्यांनीही बसायचं आहे," मॅडम म्हणाल्या.

"मी बाहेर थांबतो. तिला मोकळं वाचू द्या."

"का? तुम्ही ओळखता का एकमेकांना?"

"माज्या भावाची मंडळी हाय ती."

सगळा वर्ग वळून माझ्याकडं बघायला लागला. पोरीनं कपाळावर हात मारला. म्हणजे आबांना सगळं कळत होतं. मी पदर सारखा केला. ते बाहेर उभे राहणार आणि मी आत वाचणार, हे काही मनाला पटेना. आमच्या दारात मी त्यांना कधी उभं ठेवलं नाही.

"पोरी," मी म्हटलं, "आबांना म्हनावं, बसा. बाहेर ऊन हाय."

त्या वर्गात मोठ्यानं बोललेलं माझं पहिलं वाक्य ते. पोरगी उभी राहिली आणि वकिलासारखी म्हणाली, "आबा, आजी म्हणतात, बसा."

आबा तिलाच म्हणाले, "तिला म्हनावं, वाच. मला तसंबी कमीच ऐकू येतं."

मी पुढं जाऊन वाचायला लागले. कालव्याचं लिहिलं होतं. आमच्याकडं पाणी शेवटी येतं, ज्याची पाळी त्यानं वेळेत पिकाला द्यायचं. एका उन्हाळ्यात वरच्या वस्तीनं आमच्या पाळीत पाणी तोडलं, घरात पुरुषमाणूस नव्हतं, तेव्हा मी आणि जावेनं पाण्याच्या चारीत उतरून ते कसं फिरवलं, ते लिहिलं होतं. निम्म्यावर आले तोच आबा पोरीकडं वळले.

"तिला म्हनावं, ती पाळी आपली नव्हती. वरच्यांचीच हुती."

पोरीनं तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "आपलीच हुती, आबा. पानी सोडनाऱ्या पाटकऱ्यानं माज्यासमोर सांगितलं हुतं."

मधे कुणाला न घालता मी आबांशी बोलले, हे वर्गातल्या बऱ्याच जणांच्या ध्यानात आलं. आबा माझ्याकडं बघत राहिले, मग खाली.

"आसंल," म्हणाले. "वाच पुढं."

मी उरलेलं वाचलं आणि जागेवर येऊन बसले. सोडते म्हणून मॅडमना सांगायचं राहून गेलं. वर्ष पुरं झालं, पास झाले. घरी आजही आबा आले की मी उठते, पदर घेते, खुर्चीवर बसत नाही.

वाचन झालं त्या संध्याकाळी एसटीत मी बायकांच्या सीटवर होते, आबा मागं. बस बारामती सोडून थोडी पुढं आली असेल, तर मागून आवाज आला, मध्ये निरोप द्यायला कुणीच नव्हतं.

"पाटकरी कंचा हुता गं? टोपीवाला का ल्हानगा?"

"टोपीवाला," मी वळून म्हटलं.

"तो खोटारडा हुता."

"तुमच्याशी आसंल. माज्याशी न्हाय."

जंक्शन गावाचा थांबा आला तरी आमचं जमलं नव्हतं.