दुखतं तेवढंच

“उभ्याउभ्याच बोलू.” ताईंचं बोलणं इथूनच सुरू व्हायचं. खुर्ची पुढे केली की त्या तिच्या पाठीवर दोन्ही हात टेकवायच्या, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घ्यायच्या आणि बोलायला लागायच्या. गुडगावच्या एका बिल्डरच्या ऑफिसात त्या फ्लॅट विकायच्या, मी आतल्या खोलीत नकाशे काढायचे. मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. मालक सगळ्यांना त्यांचं उदाहरण द्यायचा, “मॅडम को देखो, सारा दिन बैठती नहीं.” अशी एखादी बाई तुम्हीही कुठल्या ऑफिसात पाहिली असेल आणि आमच्यासारखंच तिचं कौतुक करून मोकळे झाला असाल.

तेव्हा तिथे इमारतींपेक्षा शेतंच जास्त होती. ताई गिऱ्हाइकाला मोहरीच्या शेतात उभं करायच्या आणि हवेत बोट फिरवून घर दाखवायच्या. “ये आपका हॉल. यहाँ से सुबह की धूप.” माणसं खरोखर डोळे किलकिले करून त्या बाजूला बघायची. एका आजोबांनी शंका काढली की फ्लॅट तर सातव्या मजल्यावर आहे ना. ताईंनी त्यांना सांगितलं, म्हणून तर मध्ये काही आडवं येत नाही. आजोबांनी फ्लॅट घेतला.

मी दिल्लीतल्या सरोजिनी नगरहून ऑफिसवाल्यांनी महिन्यावर ठरवलेली चार्टर्ड बस पकडायचे, त्या पुढे मुनिरकाला चढायच्या. ठरलेली सीट असूनही दांडा धरून उभ्या. का, ते बसमध्येच एकदा कळलं. त्यांचे यजमान फौजेत सुभेदार होते. डोंगराळ भागात पोस्टिंग असताना जीप उलटली आणि ताईंचे मणके मोडले. ऑपरेशन झालं, पाठीत सळया बसल्या, दुखणं मात्र राहिलं. त्यावर अफूच्या जातीच्या गोळ्या मिळाल्या. डॉक्टरांनी लिहून देणं थांबवलं तरी गोळ्या थांबल्या नाहीत, ओळखीचा केमिस्ट काही न विचारता द्यायचा. “माझं पेट्रोल,” पर्स चाचपत ताई म्हणायच्या आणि हसायच्या. मीही हसायचे.

हळूहळू पेट्रोल जास्त लागायला लागलं. आधी सकाळच्या गोळीवर संध्याकाळ व्हायची, आता दुपारच्या आतच पर्स उघडायची. दुखणं मात्र तसूभर कमी झालं नव्हतं. हे त्यांचं त्यांनाच उमगलं आणि होळीच्या सुट्टीत, कोणालाही न सांगता, त्यांनी गोळ्या एकदम बंद केल्या.

सुट्टीनंतर आल्या तेव्हा नाक-डोळे वाहत होते. जांभईवर जांभई येत होती, आणि चांगलं ऊन असूनही हातावर काटा. सर्दी झालीये म्हणाल्या. दुपारी एक कुटुंब फ्लॅट बघायला आलं आणि ताई कुठे सापडेनात. शोधत मी सॅम्पल फ्लॅटमध्ये गेले. तिथे पुठ्ठ्याचा टीव्ही होता, काचेच्या भांड्यात मेणाची सफरचंदं होती आणि बेडरूममध्ये गिऱ्हाइकांना दाखवायला मांडलेला पलंग होता. त्या पलंगाभोवती ताई फेऱ्या मारत होत्या. मध्येच आडव्या व्हायच्या, पाय आपोआप झाडले जायचे, की उठून पुन्हा फेऱ्या.

हाडांच्या आतून मुंग्या चालल्यात असं वाटतं, त्या म्हणाल्या. पोट बिघडलंय, आणि पाठ तर आजच मोडल्यासारखी दुखतेय. मग गोळ्या बंद केल्याचं सांगितलं. मी डॉक्टरकडे चला म्हटलं, तर मान हलवली.

“पुलाखाली गर्दुल्ले बसतात ना, त्यांना असंच होतं,” त्या म्हणाल्या. “आणि मी इथे साडी नेसून लोकांना घरं दाखवतेय.”

मी पाणी आणून दिलं. त्यांनी पर्सच्या तळाशी राहिलेली गोळी काढली, बराच वेळ मुठीत धरली आणि शेवटी घेतली. थोड्या वेळाने तोंड धुऊन बाहेर आल्या आणि त्या कुटुंबाला फ्लॅट विकला. परतताना बसमध्ये मी विचारलं, आता बरं वाटतंय ना.

“त्याचंच वाईट वाटतंय,” त्या म्हणाल्या.

त्या आठवड्यात मी त्यांना एका सरकारी इस्पितळात, जुन्या दुखण्यांवर उपचार करणाऱ्या ओपीडीत घेऊन गेले. डॉक्टरीणबाई वयस्क, बंगाली, आवाज अगदी हळू. शरीराला औषधाची सवय होणं वेगळं आणि नशेपायी गोळी घेणं वेगळं, हे त्यांनी हिंदीत समजावलं. पुन्हा कधी एकदम बंद करायचं नाही, थोडंथोडं उतरवायचं. दुखणंही खोटं नाही, तेव्हा त्यावर दुसरं औषध, व्यायाम, शेक हे सगळं बरोबरीने चालू राहील. ताईंनी विचारलं, हे संपणार कधी? तारीख देणार नाही, बाई म्हणाल्या.

“बिल्डरपेक्षा बरी आहे गं,” बाहेर आल्यावर ताई म्हणाल्या. “तारीखच देत नाही.”

गोळ्यांचा डबा सुभेदारांकडे गेला. निवृत्तीनंतर ते एका नव्या टॉवरवर सिक्युरिटी सुपरवायझर होते. हजेरी घ्यावी तसे ठरल्या वेळी गोळी हातावर ठेवायचे. दर वेळी मात्रा कमी झाली की काही दिवस ताईंना घर खायला उठायचं. ऑफिस सुटलं की मला घेऊन सरोजिनी नगरच्या बाजारात भटकायच्या, ढिगातले स्वेटर उलथेपालथे करायच्या, भाव करायच्या आणि काही न घेता पुढे निघायच्या. एक दुकानदार वैतागून म्हणाला, लेना नहीं है तो घर बैठो. “बसता आलं असतं तर आले असते का बाबा,” ताई मराठीत पुटपुटल्या.

थंडीत पाठ फारच धरली. एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले होते. ताईंनी जादा गोळी मागितली, सुभेदार नाही म्हणाले.

“जीप तुम्ही चालवत होता,” ताई म्हणाल्या. “तुम्हाला ओरखडा नाही. आणि आता माझी गोळी तुम्ही मोजणार?”

हे मला तोवर माहीत नव्हतं. सुभेदारांनी डबा आणला, ताईंसमोर टेबलावर ठेवला आणि शेकायची पिशवी भरायला आत पाणी तापवत उभे राहिले. स्टोव्हचा आवाज तेवढा येत होता. ताईंनी डबा उघडला, एक गोळी घेतली आणि झाकण लावून डबा परत त्यांच्या बाजूला सरकवला. नंतर ओपीडीत हे स्वतःच सांगून टाकलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. आहे तिथेच थोडे दिवस थांबू, मग पुन्हा उतरू, एवढंच म्हणाल्या. त्या दोघांचं पुढे काय बोलणं झालं मला ठाऊक नाही. पण त्यानंतर सकाळी बस मुनिरकाला पोचायची तेव्हा दोघं स्टॉपवर बरोबर दिसायचे, आणि ताई चढल्या की सुभेदार परत फिरायचे.

पुढल्या थंडीच्या आत गोळ्या सुटल्या. ताईंनी गाजावाजा केला नाही. मी विचारलं, आता दुखत नाही का?

“दुखतं की. पण आता दुखतं तेवढंच दुखतं. आधी त्यात दुसरं बरंच मिसळलेलं असायचं.”

सुभेदारांना गावची ओढ होती. दोघं साताऱ्याकडे निघून गेले. ऑफिसात ताईंच्या जागी आलेली मुलगी कम्प्युटरवर चित्रं दाखवून फ्लॅट विकायची, आणि बरे विकायची.

काही वर्षांनी ताईंचा फोन आला. पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं होतं. “कापायची भीती नाही गं. नंतर जे देतील त्याची आहे.” मी म्हटलं, डॉक्टरांना आधीच सांगून टाका. “सांगितलं. मला या औषधाची सवय लागली होती, असं तोंडाने सांगितलं. डॉक्टर पोरगाच आहे, जरा बघतच राहिला. मग नीट बसून सगळं विचारलं त्याने.”

ऑपरेशननंतर सुभेदारांनी फोन केला. सगळं ठीक पार पडलं होतं. सुरुवातीला तसलंच औषध द्यावं लागलं, मग डॉक्टरांनी ठरवल्याप्रमाणे ते उतरवून थांबवलं. पाय जरा तळमळले, पण निभावलं, असं ते म्हणाले. मागून ताई काहीतरी बोलल्या, मला नीट ऐकू आलं नाही. पुढे माझ्या नवऱ्याची बदली झाली, नंबर बदलले, आणि त्यांचा आवाज मी ऐकला तो तेवढाच शेवटचा. काय म्हणतायत ताई, मी त्या फोनवर सुभेदारांना विचारलं.

“टाके दुखतायत म्हणतेय,” सुभेदार म्हणाले. “आणि म्हणतेय, आता फोन ठेवा, मला झोप येतेय.”