मागच्या सीटवरचा हेडफोन

गिऱ्हाईक येतं ते निदान सोबत घेऊनच येतं. "स्क्रीन गेली." मी विचारतो, कुठे गेली, समोरच तर आहे. मग ते हसतं किंवा चिडतं, पण जरा थांबतं, आणि तेवढ्यात मी माझा ठरलेला प्रश्न विचारून घेतो : शेवटचं नीट कधी चाललं होतं? अमरावतीत राजापेठेत माझं गाड्यांच्या इलेक्ट्रिक कामाचं दुकान आहे. टेप, स्पीकर, कॅमेरे, मागच्या सीटचे पडदे, सगळं करतो. इतक्या वर्षांत निम्मे बिघाड मला या एका प्रश्नावर सापडले आहेत, म्हणून माझ्याकडे पेचकस नंतर आणि प्रश्न आधी.

माझ्या स्वतःच्या गाडीला मात्र हा प्रश्न मी कधी विचारला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

गाडी जुनी आहे, सात सीटांची, डिझेलची, पुन्हा पासिंग करून घेतलेली. मुलगी शाळेत होती तेव्हा मी तिच्यासाठी मागे छताला पडदा बसवला. एका हौशी माणसाने स्वतःच्या गाडीतून काढून टाकलेला होता, मी तो नीट करून घरी आणला. रचना साधी. ड्रायव्हरच्या सीटखाली डिस्क वाजवणारी पेटी. तिथून चित्राची आणि आवाजाची वायर दाराच्या खांबातून छताला जाते. पडदा छतातून खाली उघडतो आणि त्याच्या वरच्या कडेला मधोमध एक काळी चकचकीत पट्टी असते, बोटभर रुंद. बघणाऱ्याला ती नुसती शोभा वाटते. तिच्याआड बारीक दिवे असतात, आणि आवाज त्यांच्या उजेडावर बसून हेडफोनपर्यंत जातो. तो उजेड आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण हेडफोनला ती पट्टी समोर लागते. पोराने मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं की आवाज तुटतो. हेडफोन दोन आले होते, त्यातला एक पहिल्याच महिन्यात माझ्या बुडाखाली मोडला.

ही सगळी खटपट अकोल्याच्या रस्त्यासाठी. बायकोचं माहेर अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीपलीकडे. माळ्यांचं घर, फुलांचा धंदा. सण असो नसो, पंधरा-वीस दिवसांनी तिला तिकडे एक चक्कर लागायचीच. घरातून निघालं की मुलगी मागे हेडफोन चढवायची. बायको मान वळवून खात्री करून घ्यायची आणि म्हणायची, "हं, आता बोला. पोरीले आयकू येत नाही."

मला म्हणायची बोला, आणि बोलायची स्वतः. बडनेऱ्यापासून जी सुरुवात व्हायची ती थेट मोर्णेच्या पुलापर्यंत. मी स्टिअरिंग धरून "हं" म्हणायचो. ट्रक पुढे असला की लांब "हं", रस्ता मोकळा असला की आखूड. तिला एवढं पुरायचं. घरात आम्ही दोघं बोलत नव्हतो असं नाही, पण घरात कुकर असतो, दुकानाचा फोन असतो, दारात कोणीतरी उभं असतं. आमचा खरा संसार बोलण्यापुरता त्या रस्त्यावर झाला.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात ती गेली. आजार फार लांबला नाही, त्याबद्दल मला लिहायचं नाही. मला छळतं ते वेगळंच. तिचा चेहरा आठवतो, आवाजही आठवतो, अगदी कानाशी बोलल्यासारखा. पण ती काय बोलायची ते आठवत नाही. इतक्या वर्षांचं बोलणं, आणि माझ्या हाती चार वाक्यं उरली, तीही रोजचीच. भाजी काय आणू. किल्ली घेतली काय. मी एकट्याने दोनदा अकोल्याला गाडी नेऊन पाहिली, की रस्त्यावर तरी काही आठवेल. रस्ता आता चौपदरी झाला आहे, गावांना टाळून जातो. टोलनाके सोडले तर मला काही भेटलं नाही.

या वर्षी दसऱ्याला मुलगी पुण्याहून आली, तिच्या पाच वर्षांच्या पोरीला घेऊन. गेल्या दसऱ्याला घरात सणच नव्हता, म्हणून या वर्षी मामाकडे सोनं द्यायला अकोल्याला जायचंच असं तिने फोनवरच ठरवून टाकलं होतं. आदल्या दिवशी सकाळी मी गाडी धुतली. नात मागच्या सीटवर चढली, तिने पडदा खाली ओढला आणि कप्प्यातून हेडफोन शोधून काढला. पेटीत प्राण्यांच्या गोष्टींची जुनी डिस्क होतीच. चित्र सुरू झालं.

"आबा, आवाज येत नाहीये."

"कधीपासून?"

"मी घातलाय तेव्हापासून."

इतकं चोख उत्तर मला राजापेठेत कोणी दिलेलं नाही. मी दुकान बंद ठेवून कामाला बसलो. पहिलं पाहिलं की चित्र येतं, म्हणजे फ्यूज आणि अर्थिंग ठीक. मग आवाज गाडीच्या स्पीकरवर वळवून पाहिला. सिंह व्यवस्थित ओरडला. म्हणजे पेटी आणि वायर दोन्ही ठीक. हेडफोनचे सेल बदलले, बटण दोन्ही बाजूंना सरकवून पाहिलं, आवाज मोठा केला. नुसती खरखर. हेडफोन जिवंत होता, त्याच्यापर्यंत काही पोचत नव्हतं.

उरली पट्टी. तिच्याआडचे दिवे लागतात की नाही हे बघायला मोबाइल पुरतो. कॅमेऱ्याला तो उजेड जांभळट ठिपक्यांसारखा दिसतो, फक्त कॅमेरा पुढचा घ्यावा, मागच्याला तो बरेचदा दिसत नाही. मी पडद्याकडे पाठ करून सीटवर गुडघे टेकले आणि सेल्फी काढावी तसा फोन धरला. फोनमध्ये माझं तोंड दिसलं, खांद्यामागे पडदा दिसला. पट्टीच्या अगदी कडेला एक जांभळा कण चमकत होता. बाकी पट्टी आंधळी. वळून पाहिलं तर तिच्यावर शेंदूर होता.

तो काही मला नवा नव्हता. रोज दिसत होता, पण शेंदूर म्हणून दिसत होता. देवाचा टिळा आपण यंत्रात धरत नाही. दसऱ्याला मी दुकानात हत्यारांची पूजा करायचो, घरच्या गाडीची पूजा बायकोची. चाकांना, बॉनेटला, स्टिअरिंगला हळदकुंकू, आणि पडद्यालाही, कारण तेही यंत्रच. प्लास्टिकवर कोरडं कुंकू टिकेना तेव्हा तिने तेलात शेंदूर कालवून लावायला सुरुवात केली असणार. जागा बरोबर निवडली होती. वर, मधोमध, काळी गुळगुळीत पट्टी, म्हणजे कपाळच. दर दसऱ्याला जुन्यावर नवा, थरावर थर, करंजीच्या पारीएवढा जाड. सगळ्यात वरच्या थरावर तिच्या बोटाचा ठसा होता, रेषा मोजता याव्यात इतका स्पष्ट.

बिघाड सापडला होता. पुसायचं तेवढं बाकी होतं आणि मला ते पुसवेना. मी मागच्या सीटवर तसाच बसून राहिलो.

मुलगी चहा घेऊन आली. मी तिला पट्टी दाखवली. ती पाहत राहिली. मग सवयीने मी तोच प्रश्न विचारला, "शेवटचा कधी चालला होता हा हेडफोन?"

"तो? तो तं मी दहावीत होती तवाच बंद पडला."

"बंद कसा? बारावीपर्यंत तं तू कानाले लावूनच बसत होती."

"लावून बसत होती. आवाज येत नव्हता."

"मंग सांगतलं कावून नाही?"

"सांगतलं असतं तं तुमी दुरुस्त केला असता." ती चहाचा कप माझ्या हातात देत म्हणाली. "मंग तुमचं दोघाइचं बोलणं आयकू आलं नसतं."

म्हणजे माझ्याकडून जे सांडलं होतं ते सगळं मागच्या सीटवर साठत होतं. मी विचारलं, जरा घाईनेच, "काय बोले ती?"

"असं नाही सांगता येत, बाबा. रस्त्यानं जाता जाता सांगीन. जागा आली का आठवते." मग पट्टीकडे बोट करून म्हणाली, "अन् हे काढा. आईनं चालू राहाले लावलं होतं, बंद पडाले नाही."

स्पिरिट लावलं असतं तर पट्टी पांढरी पडली असती. मी खोबरेल तेलाचं बोट कडेकडेने फिरवलं आणि अंगठ्याचं नख आत घातलं. जुन्या मारुतीच्या अंगावरचं शेंदराचं कवच सुटतं तशी ती खपली अख्खी सुटून हातात आली, ठशासकट. फ्यूजच्या रिकाम्या डबीत कापूस घालून मी ती ठेवून दिली. फोन धरला तर खांद्यामागे जांभळे ठिपके ओळीने लागलेले. नातीने हेडफोन घातला आणि एकटीच हसायला लागली.

दसऱ्याला सकाळी मुलीने बॉनेटवर झेंडूचा हार घातला, तेलात शेंदूर कालवला आणि मागे जाऊन विचारलं, "कुठं लावू?" मी म्हणालो, "पट्टी सोडून कुठंबी." तिने बिजागरीला टिळा लावला.

निघताना ती पुढे येऊन बसली. ती जागा इतके दिवस पाण्याच्या बाटलीची आणि माझ्या चष्म्याच्या डबीची होती. बडनेऱ्याआधीच नात हेडफोन लावून पडद्यात बुडाली. मुलीने मान वळवून खात्री करून घेतली आणि म्हणाली, "हं, आता बोला."

मी गिअर बदलला. मी बोलावं अशी तिची अपेक्षाही नसावी, तीच सुरू झाली.

"बडनेऱ्याचा पूल लागला का आई पहिले विचारे, गॅस बंद केला काय."

हे मला आठवत होतं. मी आखूड "हं" म्हणालो. पुढे लोणी गाव आलं.

"अठी तुमचं लय वाजलं होतं. मले पुण्याले शिकाले धाडाचं का नाही. तुमी म्हणे, एवढ्या दूर कायले, अमरावतीत कालिजं नाहीत काय. आई म्हणे, आपली गाडी काय अकोल्यापर्यंतच चालते काय?"

हे मला अजिबात आठवत नव्हतं. तिला पुण्याला पाठवायचा निर्णय माझा, असं मी आजवर चार लोकांत सांगत आलो. मी हसलो, आणि हसता हसता डोळे भरून आले, म्हणून गाडी डाव्या बाजूला घेऊन हळू केली. मुलीने पाहिलं, पण ती थांबली नाही. आईसारखीच, एकदा सुरू झाली की झाली. आईने मामाला शेवंती लावायला सांगितली होती आणि तो झेंडूच लावून बसला, ते सांगितलं. माझ्या बहिणीबद्दल आई काय म्हणायची तेही सांगितलं, ते इथे लिहीत नाही. माझ्याबद्दल म्हणायची, "तुमी साऱ्याइच्या गाड्या बोलत्या करता, अन् सोता मुके." प्रत्येक वाक्य मला नवं होतं, आणि प्रत्येक वाक्यात ती होती, पदर सावरून, पाय वर घेऊन माझ्या शेजारी बसलेली.

मूर्तिजापूर जवळ आलं. नवा रस्ता गावाला वळसा घालून पुढे जातो.

"गावातून घ्या ना बाबा. जुन्या चहाच्या टपरीपाशी एक हाय."

मी गावात वळलो. टपरी आता नाही, तिथे मोबाइलचं दुकान आहे, पण जागा तीच. मुलीने तिथेच सांगितलं. "तुमी चहा सांगाले उतरले होते. काच खाली होती, तुमी बाहेरून आयकत होते. आई म्हणे, पोरगी गेली का मी मागं बसीन, तो टोप कानाले लावीन, अन् तुमी बोला. तवा समजीन तुमाले, एकट्यानं बोलणं कसं असते ते."

"मी काय म्हणालो?"

"हं म्हणाले."

बायको मागे कधी बसली नाही. मुलगी पुण्याला गेल्यावरही तिची जागा पुढचीच राहिली, आणि तिथून ती बोलत राहिली. मला ती आता, या घडीला, शेजारी हवी होती. मागे बसली असती तरी चाललं असतं. एकट्यानेच बोललो असतो.

मूर्तिजापूरच्या पुढे मी हमरस्त्याला लागलो नाही. जुना रस्ता जिथे जिथे शिल्लक आहे तिथून गाडी नेली, खड्डे चुकवत, कारण अकोला लवकर यायला नको होतं. मुलगी सांगत होती आणि मी विचारत होतो, मग, पुढं, अन् मग काय म्हणे. तिलाही आश्चर्य वाटलं असावं.

बोरगावपाशी मी आरशात पाहिलं. डिस्क कधीच संपली होती, पडदा नुसता निळा होता. नात हेडफोन कानाला लावून सरळ बसली होती, आणि तिचे डोळे पडद्यावर नव्हते, आमच्या दोघांच्या पाठीवर होते. आरशात माझी नजर पकडल्यावर तिने पटकन निळ्या पडद्याकडे पाहिलं.

तिने काही तक्रार केली नाही. मीही कधीपासून म्हणून विचारलं नाही.