अक्कांचं बघणं

आमच्या थोरल्या जाऊबाई, ठकूअक्का, कुणाशीही बोलण्याआधी त्याला नीट बघून घेत. पाहुणा दारात उभा, तरी या गप्प. लग्नाआधी शिरूरकडे बापाची मेंढरं राखलेली बाई. म्हणायच्या, "मेंढरू काय तोंडानं सांगतं व्हय, पोट दुखतंय म्हणून? बघावं लागतं." मला त्या बघण्याचा राग यायचा. खरं कारण वेगळंच होतं. अक्कांना मूलबाळ नव्हतं, आणि माझी सुली त्यांना मोठ्याई म्हणायची. जन्म दिला मी, पण वेणी घालून घ्यायला पोर त्यांच्यापुढे जाऊन बसायची.

आम्ही वरवंडला राहायचो. मालक कुरकुंभच्या कंपनीत शिफ्टला. सुली सातवीत असताना तिला झटके यायला लागले. झटका आला की मी चप्पल आणायला पळायची. चप्पल हुंगवली की माणूस शुद्धीवर येतं, असं आमच्याकडे सगळेच म्हणत. मी परत येईतो पोर शांत झालेली असायची. मला वाटायचं, चप्पल लागू पडली.

दौंडच्या डॉक्टरांनी पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली. अक्कांना न्यायचं माझ्या मनात नव्हतं, पण सुली हटून बसली. तिथे डोक्याला वायरी लावून आलेख काढला. डॉक्टर म्हणाले, "आलेख चांगला आहे. पण तेवढ्यावरून मिरगी नाही असं म्हणता येत नाही. असेल, नसेलही." मग मला विचारलं, "झटक्यात आधी काय होतं? डोळे कुठे जातात? हात कुठला?"

मी आई, आणि मला यातलं एकही सांगता येईना. मी तर त्या वेळी चपलेच्या मागे!

अक्का म्हणाल्या, "आधी त्वांड चघळल्यावानी करती, साहेब. मग डावा अंगठा आत वळतो. डोळं बी डावीकडंच. मी पन्नास मोजस्तवर सरतं."

डॉक्टरांनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली आणि सगळं लिहून घेतलं. माझा असा जळफळाट झाला म्हणता!

गोळ्या दिल्या, गुण येतो का बघू म्हणाले. परतीच्या एसटीत मी फणफणले, "इतक्या लांब आलो, तर हाय का न्हाई ते बी सांगंना. कसला मोठा डाक्टर!"

"ठाव न्हाई म्हनला. खोटं तर न्हाई बोलला," अक्का म्हणाल्या. "आपुन बघत ऱ्हायचं. आन् ती चप्पल आता पायातच घाल."

सुली खुदकन हसली. तेही मला लागलं.

पुढे अक्का शिरूरला भावाकडे गेलेल्या असताना सुलीला झटका आला. मी जागची हलले नाही. तिला कुशीवर केलं आणि मांडी घालून बघत बसले. अंगठा खरंच आत वळला. पन्नासच्या आत सरलं. डोळे उघडून पोर म्हणाली, "मोठ्याई कुठंय?"

"शिरूरला गेलीय. मी हाय की गं," मी म्हटलं आणि पदर डोळ्याला लावला.

अक्का आल्यावर त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "आन् त्वांड?"

"ते न्हाई बघितलं."

"मग निम्मंच बघितलंस की गं!"

गोळ्यांनी म्हणा, वयानं म्हणा, दोन-तीन वर्षांत झटके थांबले. मिरगी होती की नाही, ते डॉक्टरांनी शेवटपर्यंत नक्की सांगितलं नाही. सुलीच्या लग्नानंतर अक्का गेल्या. अखेरचं पाणी त्यांनी तिच्याच हातून घेतलं. मी वाटी धरून शेजारी उभी. मरणाऱ्या बाईचा कुणी हेवा करतं का? खरं सांगते, मी केला.