मावशीच्या घराचा अर्ज

सत्तरच्या दशकात मी मुंबईत आर्किटेक्चर शिकत होतो आणि माझ्याइतका शहाणा माणूस अख्ख्या कर्जत तालुक्यात दुसरा नव्हता. हवामानाला धरून, जवळपास मिळेल त्यातून घरं कशी बांधावी, हा माझा शेवटच्या वर्षाचा विषय. मग काय, मोजपट्टी घेऊन निघालो भिवपुरीपलीकडच्या ठाकर आदिवासींच्या वाडीत. आमच्या शेतावर लावणीला येणारी मावशी तिथं राहायची. नवरा केव्हाच गेलेला, पोरबाळ नाही.

तिनं सगळं शिकवलं. कारवीच्या कोवळ्या काठ्या तोडायच्या नाहीत, कीड लागते. निबर काठ्या शेजारी शेजारी बांधून कुडाची भिंत करायची, मग शेणमातीनं लिंपायची. भर वैशाखात आत काय तो गारवा! मी भारावलो. दर पावसाळ्यात कुडाचा खालचा हातभर भाग कुजायचा आणि दिवाळीनंतर ही बाई सुजलेल्या गुडघ्यांवर बसून तो एकटी नव्यानं भरायची. ते मी वहीत ‘दुरुस्ती सोपी’ असं लिहिलं.

त्याच वर्षी पक्क्या घरांची सरकारी योजना आली. मावशी म्हणाली, "आता नाय व्हत रं माज्यानं. पक्क्या भितीचं घर पायजे. चांगला अर्ज लिवून दे, तू शिकलेला हायस."

लिहिला की! चांगला दोन पानी. कुडाचा गारवा, खेळती हवा, दुरुस्तीची सोय, आणि घर मिळावं ही विनंती अगदी शेवटच्या ओळीत. साहेब वाचून चाट पडेल असं वाटलं. तिनं खाली अंगठा उठवला. वाचून दाखव म्हणाली नाही, आणि मला मेल्याला ते सुचलं नाही.

वाडीतल्या बाकीच्या अर्जांना मंजुरी आली. तिच्या अर्जावर शेरा पडला: राहते घर सुस्थितीत, गरज नाही. मला पहिला वर्ग मिळाला. त्याच उन्हाळ्यात आम्ही आमचं कुडाचं घर पाडून स्लॅबचं बांधलं. नकाशा माझाच. लिंपून लिंपून आईचे हात दुखतात, हे मला बरोब्बर दिसलं होतं.

"असं कसं रं झालं?" मावशीनं विचारलं.

"साहेबच हलकट," मी म्हणालो. "गरिबाची नड त्याला काय कळणार!"

"जाऊ दे," ती म्हणाली. "तू तर चांगलं लिवलं व्हतंस."

मला बसायला गोणपाट टाकून ती गुडघ्यावर हात देत उठली आणि शेण कालवायला गेली.