गोजरबाईंची मिरची आणि पांढरा उजेड

करमाडच्या गोजरबाईंकडून मिरचीची रोपं न्यायला लोक जालना रस्त्यावरून वाट वाकडी करून यायचे. मिरची त्यांच्या माहेरची, आखूड अन् जाड सालीची. तिचं बी दुकानात मिळत नसे. गोजरबाईंनी ते तीस वर्षं लावून, धरून जपलं होतं.

२०१७ला रोगानं मिरची नेली आणि २०१८ला पावसानं पाठ फिरवली. दिवाळीनंतर विहीर आटली. नवरा बद्रीनाथ गुरं घेऊन चारा छावणीवर गेले आणि गोजरबाई शहरात मुकुंदवाडीला लेकीकडं, प्रेरणाकडं आल्या. सोबत बियांची एक पुडी होती, मूठभरसुद्धा नाही.

"तीन सालाचं झालंय," त्या प्रेरणाला म्हणाल्या. "औंदा लावलं नाय तर पुढच्या साली उगवायचं नाय."

प्रेरणा शेंद्र्याच्या एका कंपनीत विजेच्या पॅनेलची वायरिंग करायची. खोलीत ऊन येत नव्हतं आणि नळाला पाणी आठवड्यातून एकदा. तिनं दोन दिवस विचार केला, मग पाइपांचा चौकोनी सांगाडा जोडून त्यावर आतून चंदेरी असलेलं कापड चढवलं. कपाटाएवढा तंबू झाला.

"यात एलईडीच्या उजेडावर रोपं वाढतात, माय. पाणीही कमी लागतं, ओल आतच राहते."

गोजरबाई हसल्या. पण दुसरा मार्ग नव्हता, म्हणून अर्धी पुडी त्यांनी ट्रेमध्ये पेरली.

रोपांसाठीचा म्हणून प्रेरणानं जांभळा दिवा आणला होता. उगवण बरी झाली, पण तंबूत वाकलं की सगळं काळंनिळं दिसे. पंधरा दिवसांत रोपं दोऱ्यासारखी बारीक अन् उंच झाली. गोजरबाईंनी एक ट्रे खिडकीशी नेला, तेव्हा कळलं की पानं केव्हाच पिवळी पडली होती.

"ही उजेड हुडकत पळायलीत," त्या म्हणाल्या. "दिवा कमी पडायलाय. अन् या रंगात पान खरं दिसत नाय. रोप आजारी का निरोगी, मी काय वासावरून सांगू?"

ती रोपं गेली. त्या दिवशी गोजरबाई नीट जेवल्या नाहीत. प्रेरणालाही वाईट वाटलं. रविवारी ती आईला घेऊन शहागंजला दिव्यांच्या दुकानात गेली.

दुकानात गोजरबाईंनी एकेक दिवा लावायला सांगितला. पिशवीतून कोथिंबिरीची जुडी काढून त्या प्रत्येक दिव्याखाली धरत होत्या. दुकानदार चाचा कौतुकानं बघत राहिले. शेवटी ज्या पांढऱ्या उजेडाच्या पट्ट्यांखाली कोथिंबीर दारातल्या उजेडात दिसते तशीच दिसली, त्या चार पट्ट्या त्यांनी बाजूला काढल्या.

आता ड्रायव्हर हवा होता. या पट्ट्यांना घरातली वीज थेट चालत नाही. ती बदलून, मोजून देणारा डबा म्हणजे ड्रायव्हर. प्रेरणानं आधी पट्ट्यांवरचे आणि डब्यावरचे व्होल्ट जुळवून पाहिले.

"सौ वॅट की बत्त्यां हैं, सौ का ड्रायव्हर लेव," चाचा गोजरबाईंना म्हणाले. "हिसाब बराबर है ना, खाला?"

"दीडशेचा द्या," प्रेरणा म्हणाली. "माय, शंभराचा घेतला तर तो रोज सोळा तास पुऱ्या ताकदीवर चालंल. तापून तापून लवकर जाईल."

हे मात्र गोजरबाईंना समजवावं लागलं नाही. "व्हय, बैलाला त्याच्या ताकदीएवढंच वझं रोज वढायला लावलं तर तो उन्हाळा काढत नाय," त्या चाचांना म्हणाल्या. चाचांनी मान डोलावली आणि उजेड कमीजास्त करायची कळ असलेला दीडशेचा डबा काढून दिला.

डबा प्रेरणानं तंबूच्या बाहेर भिंतीला ठोकला, म्हणजे त्याची ऊब आत जाणार नाही. पट्ट्या किती उंच टांगायच्या ते मात्र गोजरबाईंनी ठरवलं. शेंड्यांच्या उंचीवर तळहात उताणा धरून त्या जरा वेळ थांबायच्या. हाताला सोसलं तर रोपाला सोसतं, हा त्यांचा नेम. रोपं कोवळी होती तोवर उजेड निम्मा ठेवला, मग हळूहळू वाढवला.

उरलेल्या पुडीतून एकोणीस रोपं उगवली. या वेळी ती बुटकी, जाड देठाची, गर्द हिरवी झाली. त्यांतली सहा मोठ्या कुंड्यांत लावली, बाकीची शेजारणींनी खिडक्यांत ठेवायला नेली. रोज दोन तांबे पाणी पुरे व्हायचं. एप्रिलात फुलं आली. तंबूत मधमाशी कुठून येणार, म्हणून पराग झडावेत यासाठी गोजरबाई सकाळी फुलांना हलकेच टिचक्या मारायच्या आणि मनाशी काहीतरी पुटपुटायच्या.

जूनच्या मध्यावर मिरच्या लाल झाल्या. बद्रीनाथ छावणीवरून भेटायला आले होते. त्यांनी एक मिरची भाकरीबरोबर चावली आणि डोळे पुसत म्हणाले, "लई दिवसांनी."

गोजरबाई बाकीच्या मिरच्या ताटात पसरत होत्या. बी काढायचं होतं, म्हणून दुसरी मिरची त्यांनी नवऱ्याला दिली नाही.