चेन काढून ठेवलेलं मशीन

माझ्या मोठ्या भावाला नावाने कोणीच हाक मारायचं नाही. सगळे म्हणायचे थांबा मिस्त्री. झाडं कापायची ती चेनची मशीनं असतात ना, तसली जुनी घ्यायची, नीट करायची आणि विकायची हा त्याचा धंदा. गिऱ्हाईकाने मशीनला हात घातला रे घातला की दादा म्हणणार, "थांबा. आधी तुम्ही स्वतः बघा. माझ्या शब्दावर जाऊ नका."

मग सुरू. मशीन जमिनीवर दाबून धरायचं, चालू करायचं. रेस सोडली की चेन उभी राहिली पाहिजे, नुसतं घुरघुरताना सरकली तर ते मशीन बाद. मग बंद करून, हातमोजा घालून, चेन चिमटीत उचलून बघायची. लोंबली तरी वाईट, आवळली तरी वाईट. आणि शेवटी ब्रेक. पुढच्या दांडीसमोर एक ढाल असते. चेन जिच्यावरून फिरते त्या पट्टीचं टोक लाकडाला आपटलं की मशीन उसळून तोंडावर येतं, तेव्हा ती ढाल मनगटाला लागून पुढे जाते आणि चेन जागच्या जागी थांबते. माणूस आणि मशीन यांच्यात तेवढंच काय ते असतं.

एकदा एक लाकूडतोड्या वैतागला. "मिस्त्री, मशीन देताय का स्थळ बघताय?"

दादा म्हणाला, "स्थळ फसलं तर रडता तरी येतं. हे फसलं तर रडायला तोंड उरायचं नाही."

सगळे हसले. मीपण हसले.

शेडमध्ये दोन फळ्या. वरच्या फळीवर तयार मशीनं. खालच्या फळीवर ज्यांच्यात खोट आहे ती, आणि त्यांची चेन काढून खिळ्याला. चेनच नाही म्हटल्यावर कोण चालवणार? दादाचं कुलूपच होतं ते. पण चेन धार लावायलाही काढतातच की. कानस मारायची, तेल द्यायचं, परत चढवायची. हे काम आमच्या धाकट्याकडे. धाकटा म्हणजे आमचं शेंडेफळ, दाढीमिशा आल्या तरी दादाच्या मागे मागे.

त्या दिवशी दादा सुटे भाग बघायला बाजारात गेलेला. धाकट्याने शेड झाडली. खालच्या फळीवर एक मशीन दिसलं, खिळ्याला त्याची चेन. त्याला वाटलं धारेसाठीच काढली असणार. दादा खूश होईल म्हणून मन लावून एकेक दात घासला, चेन चढवली, मशीन पुसलं आणि वरच्या फळीवर ठेवलं. त्या मशीनच्या ब्रेकची स्प्रिंग तुटलेली होती. तीच आणायला दादा गेला होता. मिळाली नाही.

तो परत आला आणि वारं सुटलं. समोरच्या शिंप्याच्या दारावर झाड पडलं, त्याची आई आत एकटी. शिंपी बोंबलत आला. दादाने वरच्या फळीवरचं हाताला लागेल ते उचललं आणि पळाला. गिऱ्हाईकाला दहादा बघायला लावणारा माणूस, पण वरची फळी म्हणजे त्याला स्वतःचाच हात. त्याने बघितलं नाही.

फांदीत फांदी अडकलेली. पट्टीचं टोक मागच्या फांदीला लागलं. ढाल पुढे गेली, चेन थांबली नाही. मशीन उसळून मानेवर आलं. दादा जागीच गेला.

म्हातारीला नंतर लोकांनी कुऱ्हाडीने वाट करून काढलं, खरचटलंसुद्धा नाही तिला. आमच्याकडे बसायला आली तेव्हा म्हणाली, मला कशाला ठेवलं.

मशीन धाकट्यानेच उघडलं. नको नको म्हणत होतो आम्ही. आतली स्प्रिंग बघितली आणि म्हणाला, "हे खालच्या फळीवरचं आहे. मीच वर ठेवलं." वहिनी तिथेच उभी होती. तिने पदर तोंडात धरला आणि आत गेली.

तेव्हापासून तो शेडमध्येच असतो. होती नव्हती तेवढ्या सगळ्या मशीनच्या चेना त्याने काढून टाकल्यात, लोकांच्या दुरुस्तीला आलेल्या मशीनच्यासुद्धा. गिऱ्हाईक येतं, बाहेर उभं राहतं, जातं. मी ओरडले, समजावलं, पाया पडले त्याच्या. मला तर वाटतं हापण जाणार. दोरी, विळे, रॉकेल, सगळं मी लपवून ठेवलंय. पण शेडच पात्यांची, काय काय लपवू?

काल वहिनी स्वतः ताट घेऊन गेली. मी दाराशी होते. तो मान वर न करता म्हणाला, "वहिनी, दोन शिव्या तरी घाल मला."

वहिनी म्हणाली, "शिव्या द्यायला अंगात काही उरावं लागतं रे. जेव."

ताट ठेवून ती आली. सकाळी मी बघितलं, भात वाळून ताटाला चिकटला होता.