शालिक मिस्त्री आणि जवसाचं तेल

शालिक मिस्त्रीकडे गाडी नेली की तो आधी तिच्याकडे पाठ करायचा. मालकाला इंजिन चालू करायला लावायचा आणि स्वतः रस्त्याकडे तोंड करून उभा राहायचा, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, डोळे मिटलेले. मिनिटभराने वळायचा आणि बॉनेटला हातही न लावता मालकाचीच पूजा बांधायचा. "गाडी बरी हाये जी. चालवनाऱ्याले काय झालं थे सांगा." साकोलीत हायवेच्या कडेला त्याची पत्र्याची शेड होती. तिथे गाडीपेक्षा मालकाची दुरुस्ती जास्त होई, आणि तीही चारचौघांत. तरी लोक जात, कारण तासाभरात गाडी चालू व्हायची. अपमान मात्र आठवडाभर पुरायचा.

मी साकोलीच्याच ज्युनियर कॉलेजात तेहतीस वर्षं फिजिक्स शिकवलं. निवृत्त झालो आणि, बायकोच्या शब्दांत, फिरलो. नागपूरच्या एका कुटुंबाकडून जुनी विलायती स्पोर्ट्‌स कार घेऊन आलो. लाल रंग, दोनच सीटा, वर टप नाही आणि एका इंजिनाला दोन कारबोरेटर. बसताना गुडघे हनुवटीला लागत, उतरताना कोणीतरी ओढावं लागे. मोबाइलवर व्हिडिओ बघून मी ती स्वतःच ट्यून केली. आधी ती नुसती धापा टाकायची, माझा हात लागल्यावर फटाके फोडायला लागली. मग मुकाट्याने शालिकच्या शेडसमोर नेऊन उभी केली.

"किती पेच फिरवले?" त्याने विचारलं.

"दोन."

तो नुसता बघत राहिला.

"चार असतील."

"सर, मी काही पोलिसवाला नाही जी. खरं सांगा."

"सगळे," मी म्हणालो.

अब्रू सावरायला मी हवेचा दाब, पेट्रोलचं मिश्रण वगैरे समजावायला लागलो. फळा नव्हता एवढंच. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हे पोरायले शिकवा. हिले कायले शिकवता? हिले येते."

दोन्ही कारबोरेटर उतरवून त्याने एका जुन्या ॲल्युमिनियमच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, पेट्रोल ओतून धुतले. पेट्रोल जिथून येतं ती बारीक भोकं तो तोंडाने फुंकून साफ करायचा. तिथे कोणी तार घातलेली दिसली तर त्याचा आवाज चढायचा, "नाकात सळई घालता काय आपल्या? भोक मोठं झालं का पेतच राहते मंग थे!" दोन कारबोरेटरना तो जावा म्हणायचा. "एका चुलीवरच्या दोन जावा हायेत जी ह्या. एकीनं जास्त घेतलं का दुसरी फुगते." मग रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं आळीपाळीने एकेका जावेच्या तोंडाशी लावून तो हवेची सूंसूं ऐकायचा, इकडचा पेच पाव आटा, तिकडचा पाव आटा. दोघींचा सूर जुळला की त्याच्या चेहऱ्यावर जे हसू यायचं, ते गिऱ्हाइकासाठी कधीच आलं नाही.

गर्वही काही कमी नव्हता त्याला. नव्या गाड्यांना तो मोबाइल म्हणायचा. "त्याईले मिस्त्री नाही लागत, चार्जर लागते." त्या गाड्या पलीकडच्या चकचकीत गॅरेजात कॉम्प्युटरला जोडलेल्या दिसल्या की हा मुद्दाम मोठ्याने विचारायचा, "सलाइन लावली काय रे?" त्यामुळे गावात त्याचे मित्र थोडे होते आणि त्याचं नाव खराब व्हायची वाट बघणारे बरेच. नावाखेरीज त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. शेडला पाटीसुद्धा नव्हती.

गाडी परत देताना त्याने एकच गोष्ट बजावली. प्रत्येक कारबोरेटरच्या डोक्यावर एक टोपण होतं, त्याखालच्या नळीत थोडंसं पातळ तेल लागायचं. आतला दट्ट्या वरखाली होतो, त्याचा झटका ते तेल सांभाळतं. "शिलाई मशीनचं टाकजा. थोडंसंच. दुसरं काही नोका टाकू."

आता माझं शहाणपण ऐका. पोळ्याच्या सुमारास ते तेल संपलं. दुकान शंभर पावलांवर होतं. पण तेहतीस वर्षं द्रवांचे गुणधर्म शिकवलेल्या माणसाने शिलाई मशीनच्या तेलासाठी शंभर पावलं का चालावीत? स्वयंपाकघरात बायकोची बाटली होती. तेल पातळ होतं, स्वच्छ होतं, सोनेरी होतं. मी दोन्ही नळ्या काठोकाठ भरल्या, वरून ओघळेपर्यंत. ते जवसाचं तेल होतं. आमच्याकडे ते भाजीत घालतात आणि बैलगाडीच्या लाकडालाही चोळतात, कारण वाळलं की त्याचा चिकट थर बसतो. हे इथल्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक असतं. मी फिजिक्सचा माणूस.

दिवाळीनंतर सानगडीला मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली. दुकानं, पाळणे, दंडारीचं लोकनाट्य आणि पाच गावांची माणसं. प्रमुख पाहुणे एक माजी पुढारी होते, त्यांना माझ्या उघड्या गाडीतून मिरवत न्यायचं ठरलं. वेशीपर्यंत गाडी कशीबशी आली. तिथे पाहुणे बसले, हार पडले, डफऱ्या वाजल्या. उभ्या गाडीचं इंजिन छान गुरगुरत होतं. मी ॲक्सिलरेटर दाबला. गाडी खोकली, काळा धूर सोडला आणि बसली. पुन्हा चालू केली, पुन्हा बसली. शेवटी आठ-दहा जणांनी पाहुण्यांसकट ढकलत नेली.

"काय झालं सर?" कोणीतरी विचारलं.

"काय होणार? शालिक मिस्त्रीनं कारबोरेटरची वाट लावली," मी म्हणालो. विचार न करता म्हणालो, पण खणखणीत म्हणालो. वर्गात बोलायची सवय.

पाहुण्यांनी ते ऐकलं आणि भाषणात वापरलं. "बंधूंनो, आपला विकास म्हणजे काही शालिक मिस्त्रीची गाडी नाही, की हार घालायचे आणि धक्का मारायचा!" सगळी मंडई हसली. माईक चांगला होता. त्या दिवसापासून शेतातला पंप बंद पडला, लग्नातला बँड बेसूर झाला, कुणाचा जावई कामाला लागेना, की लोक विचारू लागले, "शालिक मिस्त्रीकडून आनला काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतः माझ्या अंगणात हजर. कोणाची पूजा बांधली नाही, की इंजिन चालू करायला सांगितलं नाही. टोपण उघडलं, दट्ट्या उचलून पाहिला, तो हलेना. बोट घातलं, वास घेतला, जिभेला लावलं. मग दाराशी उभ्या असलेल्या माझ्या बायकोला विचारलं, "बाई, घरी तेल कोन्तं खाता जी?"

"जवसाचं," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "पण अहो, आपली बाटली पोळ्यालाच अर्धी कशी झाली होती?"

त्याने दट्टे काढले, पेट्रोलने पुसून लख्ख केले, तेल भरलं, सूर जुळवला. जाताना एवढंच म्हणाला, "सर, तुमच्या तोंडानं गेलं. तुमच्याच तोंडानं वापस आना. बस."

आणणारच होतो. त्या आठवड्यात जमलं नाही. मग विषय कसा काढावा ते सुचेना. गावातली निम्मी पोरं माझ्या हाताखालून गेलेली, त्यांना काय सांगू, सरांनी इंजिनला फोडणी दिली? मग वाटलं, कारबोरेटरचा जमानाच गेला आहे, शेड रिकामी दिसते ती काळामुळे. हे समाधान मला फार आवडलं. गाडी मात्र मी त्याच्याकडेच नेत राहिलो, मागच्या रस्त्याने. तो काही न बोलता दुरुस्त करून द्यायचा. ते त्याच्या शिव्यांपेक्षा वाईट होतं.

पावसाळा सरता सरता कळलं की तो शेड बंद करून अड्याळला लेकीकडे निघालाय. तेव्हा कुठे माझे पाय हलले. चौकातल्या चहाच्या टपरीवर गेलो आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, तेल मी टाकलं होतं, शालिकची काही चूक नव्हती.

मग टपरीवाला म्हणाला, "सर, काहून त्याचं पाप आपल्या डोक्श्यावर घेता?" दुसरा म्हणाला, "याले म्हनतात मोठं मन!" मी जवसाचं तेल, बाटली, बायको, सगळं सांगितलं. जितकं सांगावं तितका मी मोठा होत गेलो. तासाभरात माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझा फोटो आला आणि त्याखाली हात जोडलेले.

मी तसाच शेडवर गेलो. शालिक पाने-पक्कड पोत्यात भरत होता. झालेलं सांगितलं, तो पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसला.

"मंडईत माईक होता सर. चौकात चाय होती. चायवरचं कितीक दूर जाईन जी?"

दिवाळीनंतर पुन्हा मंडई आली. मोठ्या मनाचे म्हणून मंडईच्या मंडळाने या वेळी मलाच पाहुणा केलं. हार पडला, माईक हातात आला. पाच गावं समोर बसली होती. मी मंडळाचे आभार मानले, विज्ञानाचं महत्त्व सांगितलं आणि खाली बसलो.

उन्हाळ्यात अड्याळहून निरोप आला, मिस्त्री गेला. मातीला गेलो होतो. तिथे एका म्हाताऱ्याने माझ्या शेजारच्याला हळूच विचारलं, गेला तो कोण. शेजारचा म्हणाला, "थो नाही काय, मंडईत सरांची गाडी बिघडवली होती थो."

मी बाजूलाच उभा होतो. तिरडीला हात जोडले आणि लोकांबरोबर पुढे सरकलो.